सरकारच्या वाट्याची करडं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. घरी पाहुणे आले की मी ती सांगायला घ्यायचो, आणि शेवट जवळ आला की माझी पत्नी मला थांबवून तो स्वतः सांगायची. गेल्या वर्षी ती गेली. आता सगळी हकीकत मला एकट्यालाच लिहावी लागते आहे.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात भूमच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी तिथं जाण्याच्या बऱ्याच आधी एका लहान सरकारी शेळी केंद्राच्या पशुधन पर्यवेक्षकावर शासकीय मालाच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला होता. माल म्हणजे शेळ्या. एका उन्हाळ्यात केंद्राची विहीर आटली, चारा येईना, आणि वरिष्ठ तपासणीला आले तर गोठा रिकामा. "लोकांकडं सांभाळायला दिल्यात," एवढंच तो म्हणाला. कोणाकडे, ते सांगेना. पोलिसांनी डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घातल्या, पण एकही सरकारी शेळी मिळाली नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, नोकरी गेली. धाराशिवच्या सत्र न्यायालयात त्याचं अपील होतं, तो जामिनावर होता आणि सुनावणी तोंडावर आली होती. अपील फेटाळलं गेलं असतं तर तुरुंग होता, आणि म्हातारपणाची पेन्शनही गेली असती.

एका बाजाराच्या दिवशी आमचे हवालदार बंदोबस्तावरून हसतच परतले.

"सायेब, बाजारात एका म्हातारीनं लई मजा केली. दोन बोकडं घेऊन आलीय. बारकं इकायलीय आन थोरलं इकंना. खाटीक म्हणला थोरलं दे, तर म्हणती, त्यो सरकारचा हाय!"

"मग बाजारात आणला कशाला?"

"म्या बी तेच इचारलं. म्हणली, जुळी हायती, एकाबिगर दुसरं चालत न्हाय."

सगळं ठाणं हसलं. मी मात्र टोपी काढून ठेवली आणि म्हातारीची वस्ती कुठं आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हवालदारांच्या मोटारसायकलवर, साध्या कपड्यांत गेलो. जीप लांबून दिसते, आणि ती येऊन पोहोचेपर्यंत माणसं उत्तरं तयार करून ठेवतात.

आजींनी बाजेवर बसवलं, चहा टाकला. मी विचारलं, "आजी, तुमचा बोकड सरकारचा कसा?"

"अर्धलीचा न्हवं का! शेळी डॉक्टरची, म्हंजी सरकारची. राखण आमची. दूध आमचं, करडं निम्मी निम्मी. शेळी मेली तर मालकाला कान दाखवायचा, इकली न्हाय म्हणून."

पर्यवेक्षकाला त्या भागात सगळे डॉक्टरच म्हणत. शेळी अशी अर्ध्या वाट्यानं राखायला देणं तिकडे घरोघर चालतं. आजी पुढं सांगू लागल्या, "लई दुस्काळ हुता. डॉक्टर सोता शेळ्या हाकत आला. म्हणला, हितं झऱ्याला पानी हाय, तिकडं मरत्याल. मी न्याया येईस्तोवर कुणाला दिऊ नगा. घरटी एक एक दिली. आता त्याची बदली झाली म्हणत्यात. फिरकला बी न्हाय."

"मग पोलीस आले होते तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमच्या मानसानं इचारलं, चोरीचा माल हाय का? चोरीचा कुठं हुता? न्हाय म्हणलं. शेळ्या तवा रानात चरत हुत्या."

हवालदार कपबशीत बघत म्हणाले, "सायेब, इचारणारा मीच हुतो."

"आन आता बसून माझाच च्या पितोय," आजी म्हणाल्या.

निघताना मी विचारलं, वाट्यातला थोरला बोकड सरकारला का? आजींना प्रश्नच कळला नाही. "दुसऱ्याच्या वाट्याला बारकं घातलं तर लोक काय म्हणत्याल?"

मी पर्यवेक्षकाला ठाण्यात बोलावून घेतलं. सडपातळ, खाली बघून बोलणारा माणूस. "नावं सांगितली असती तर तेव्हाच सुटला असता," मी म्हणालो.

"आणि त्यांच्यावर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लागला असता. सांगा साहेब, लागला असता का नसता?"

त्याच भीतीनं तो एवढी वर्षं त्या वस्तीकडे फिरकला नव्हता. मी त्याला शब्द दिला की कुणावरही गुन्हा लागणार नाही, आणि सरकारी वकिलांना सगळं सांगितलं.

"अहो, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?" ते वैतागले.

"शेळ्यांच्या," मी म्हणालो. तेही हसले. न्यायालयानं अपिलात जादा पुरावा घ्यायला परवानगी दिली आणि शेळ्यांची पडताळणी करायला सांगितलं.

ठरल्या दिवशी ठाण्याच्या आवारात जत्रा भरली. प्रत्येक घरानं सरकारी शेळी आणली, आणि तिच्यामागं सरकारच्या वाट्याची करडं, त्या करडांच्या झालेल्या शेळ्या, त्यांचीही करडं. कानातले बिल्ले तपासायला आलेले पशुवैद्यकीय अधिकारी घाम पुसत म्हणाले, "गेल्या त्यापेक्षा जास्त परत येतायत हो! या कशात जमा करू?" तोवर कुंपणाची मेंदी बुंध्यापर्यंत साफ झाली होती. संध्याकाळी शेळ्या दुधासाठी ओरडू लागल्या, तर हवालदार हात लावेनात. "सरकारी दूध हाय. उद्या अपील माझ्यावर यायचं."

आजींनी निकाल दिला, "आज राखण कुणाची? तुमची. मग दूध तुमचं. पी की, मुडद्या!"

एकच शेळी कमी होती, आजींकडचीच, त्या जुळ्यांची आई. ती आजारानं मेली होती. आजींनी फडक्यातून वाळलेला कान काढला, बिल्ल्यासकट. पाहू दिला, पण हातात दिला नाही. "ह्यो आमच्या डॉक्टरला दावायचा." मी पंचनाम्यात नोंद केली आणि कान त्यांच्याकडेच राहू दिला.

अपील मंजूर झालं. अप्रामाणिक हेतू दिसत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. परवानगी न घेता शेळ्या दिल्याबद्दल खात्यानं पुढं ठपका ठेवला, पण नोकरी परत मिळाली. त्यानंतर मी कुणालाही "चोरीचा माल आहे का" असं विचारलं नाही. "हे तुमच्याकडे कसं आलं" असं विचारत गेलो, आणि माणसं सांगत गेली.

इथून पुढं माझी पत्नी सांगायची. निकालाच्या दिवशी ती कामासाठी धाराशिवला आली होती आणि माझी वाट बघत कोर्टाबाहेर उभी होती. पर्यवेक्षक पायऱ्या उतरला. वकील पेढे वाटत होता, लोक हात मिळवत होते, आणि तो मात्र कसनुसा हसत होता. मग आजी पुढं आल्या, फडकं सोडलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एक मेली बग. ह्यो कान."

त्यानं तो हातात घेतला, उन्हात धरून बिल्ला नीट पाहिला आणि म्हणाला, "बरोबर हाय, आजी. बाकीच्या कशा हायत्या?"

आणि तिथंच पायरीवर बसून तो हसू लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझं ऐका," पत्नी पाहुण्यांना सांगायची, "तो माणूस सुटला तो तेव्हा."