बावखलातलं गवत

टेम्पो भरून झाला, आईचा फोटो मी मांडीवर घेतला, आणि बाबांचा पत्ता नाही. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी केळीतून आले ते कमरेपर्यंत ओले, हातात लोणच्याची बरणी. बरणीत बावखलातलं गवत, ते लांब पात्यांचं, ज्यात पोहताना आपले पाय अडकायचे. ज्या बावखलाच्या पाण्यावर आपली केळी आणि पानवेली वाढल्या, ते तळं आता बुजणार होतं. "हे कशाला, बाबा?" म्हटलं, तर म्हणाले, "उद्या भराव टाकतील."

राजोडीहून जूचंद्रला येणं म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. रूळ ओलांडले की आलंच. तुम्हा भावंडांतलं कुणी पुण्याला गेलं, कुणी मेलबर्नला, तेव्हा केवढी रडारड झाली! आम्ही मात्र वाण्याकडे निघाल्यासारखे निघालो, कुणी निरोपही दिला नाही. इथे सहाव्या मजल्यावर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. सकाळी उठून कुठे जायचं ते बाबांना कळेना.

म्हणून मी फिश टँक आणला. माशांत त्यांना काडीचा रस नव्हता. टाकीत लावलेल्या बावखलातल्या गवताची जुनी पाती कुजली तेव्हा मी घाबरले, बाबा नाही. मग एक दिवस वाळूवरून पांढरा दोरा निघाला आणि त्याच्या टोकाला बोटभर पिल्लू उभं राहिलं. मी हौसेनं कात्री आणली, तर त्यांनी हातच धरला. "आईला लागून आहे तोवर कापू नये. मूळ धरू दे आधी." केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांचा नियम त्यांनी काचेच्या पेटीतही सोडला नाही.

मूळ धरलेली पिल्लं पाण्याच्या पिशवीत घालून ते वाटत सुटले. विरारच्या काकांकडेसुद्धा मला पाठवलं. वाडी विकायचा हट्ट काकांचा, दोघा भावांचं बोलणं बंद. मी कुरकुरले तर म्हणाले, "दिलेलं राहतं पोरी, ठेवलेलं जातं."

मग बाबांचं विसरणं सुरू झालं. एका दुपारी त्यांनी कुंडीतलं शेणखत उचललं आणि केळीला घालावं तसं ओंजळभर टाकीत घातलं. पाणी चहासारखं झालं. मासे गेले, पाठोपाठ गवत सडलं. रिकाम्या टाकीसमोर बसून ते विचारत राहिले, "पाणी कुणी नासवलं?" मला त्यांचा राग आला, आणि रागाची लाज वाटली.

मी गवत मागायला विरारला गेले. काकांच्या गॅलरीत निळा ड्रम गवतानं गच्च भरला होता. काकांनी बाह्या सारल्या, मुळांसकट मोठा झुबका काढून माझ्या हातात दिला. "दादाला सांग, आपलं बावखल आहे माझ्याकडे." एवढं बोलले आणि तोंड फिरवून रडले. मीही रडले.

बाबांनी एकेक रोप स्वतः लावलं. बोटं काही विसरली नव्हती. लावून झाल्यावर पंच्याला हात पुसत म्हणाले, "चल, झालं काम. आता घरी जाऊ."

मी सुचलं ते बोलून गेले, "अजून मूळ धरलं नाही, बाबा. धरलं की जाऊ." त्यांना पटलं. वाडीतला माणूस लावणी तशीच टाकून कसा निघेल?

फोनवर तुम्ही विचारता, वाडीची आठवण येते का? येते. पण आपण सगळे परत फिरायचं केव्हाच सोडून बसलो. घरी जायचंय असा आपल्यात एकच माणूस उरला आहे, आणि त्याला मी थोपवून धरलंय.

टाकी आता हिरवीगार आहे. काचेला चिकटलेली पांढरी मुळं लांबूनही दिसतात. रोज चहा झाला की बाबा खुर्ची ओढून विचारतात, "धरलं का गं मूळ?"

मी त्यांच्या आणि टाकीच्या मध्ये उभी राहते आणि म्हणते, "अजून नाही, बाबा."