बाभळीची बाज आणि भंडारदऱ्याची पडवी

लग्नानंतर आपल्या दुष्काळी कर्जतहून निघाले तेव्हा एसटीच्या टपावर, माझ्या ट्रंकेशेजारी, एक बाज उताणी बांधलेली होती. वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बाभळीचं लाकूड घेऊन ती स्वतः सुंभाने विणली होती. "तिकडं न्हाई करमलं तर सरळ निघून ये," ते म्हणाले. माझे यजमान भंडारदऱ्याच्या धरणावर नोकरीला होते. अक्का, तू स्टँडवर रडत होतीस आणि मला मात्र खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद! पावसाच्या मुलखात निघालेली कर्जतची पोर, दुसरं काय होणार?

ते कौतुक आषाढ लागेपर्यंत टिकलं. क्वार्टरच्या पडवीवर जांभळीची गच्च सावली, त्यात भिंतींना ओल. बाज तिथे टाकली. वापरून सुंभ सैल पडलं, तशी मी आपल्याकडची रीत केली. ताठ बसावं म्हणून कळशीभर पाणी ओतलं. आपल्याकडे बाज दिवस मावळायच्या आत वाळायची. इथे वाळायचं नावच घेईना. बुरशी चढली, आणि एक दिवस मी बसले ती थेट जमिनीवर. शेजारच्या भागाबाई पोट धरून हसल्या. "आगं, वरून इतकं पानी पडतंय, तू आनिक कशाला वततीस?" मला रडूच फुटलं.

त्यातच आबांचा निरोप आला, येतोय म्हणून. आबा घरात कधी निजायचे नाहीत, म्हणजे पडवीतच झोपणार. ओलीने दुखणं काढलं असतं तर मला म्हणाले असते, चल. आणि मी गेले असते, याचीच मला धास्ती होती, कारण एव्हाना माझा यांच्यावर जीव जडला होता.

मग खाट कशाची करायची यावर आमची रोज खडाजंगी. लोखंड गंजणार, वेताला बुरशी धरणार, दगडी ओटा टिकेल पण म्हाताऱ्या हाडांना गारठा. शेवटी यांनी जुन्या सागाच्या फळ्या मिळवल्या. पाणी निथळावं म्हणून मध्ये बोटभर फटी ठेवून खाट ठोकली, जवसाचं तेल पाजलं, पायांखाली दगड दिले आणि भिंतीपासून हातभर लांब मांडली. सासऱ्यासाठी इतकं कोण करतं? मी अजून त्यांचे उपकार मानते.

आबा आले. जेवून त्या खाटेवर आडवे झाले आणि पावसाची सर आली. कर्जतला सर आली की सगळं घर अंगणात धावायचं, आबा सगळ्यांच्या पुढे. इथे ते घोरत होते. मी उंबऱ्यावर बसून नुसती बघत राहिले.

चार दिवस राहून ते निघाले. त्यांनी 'चल' म्हटलं नाही. अक्का, घर कुठलं असं कोणी विचारलं की आजही माझ्या तोंडी कर्जतच येतं. पण त्या दिवशी मी पाया पडले तेव्हा आबा यांच्याकडे वळून म्हणाले, "येतो जावईबापू. तिच्या आईला सांगतो, पोरगी घरीच हाय."