येरमाळ्याचा डबा मी खाल्ला

माझं स्वतःबद्दल लहानपणापासून फार चांगलं मत होतं. कॉलेजात गेल्यावर ते मला लेखी मिळालं.

आमचं कॉलेज नवं होतं. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. पाटीवर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव असं गावाचं दुहेरी चाललं होतं, आणि उर्दूतून अर्ज लिहिण्यात हयात गेलेल्या बापांची आम्ही पोरं बी.ए. व्हायला निघालो होतो. मानसशास्त्र शिकवायला पुण्याकडचे एक तरुण सर आले होते. त्यांनी एके दिवशी वर्गात सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले. स्वभावाची प्रश्नावली. तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं का, राग लवकर येतो का, असलं बरंच काही होतं, आणि शेवटी विचारलं होतं, तुमचा सोबती आजारी पडला तर तुम्ही काय कराल?

या प्रश्नाला दोन ओळींची जागा होती. मी कागद उलटून मागची बाजूही भरली. उशाशी बसेन, कपाळावर हात ठेवेन, घास भरवीन, त्याच्या खचलेल्या मनाला उभारी देईन. लिहिता लिहिता माझाच गळा दाटून आला. शेजारी माझ्या खोलीतला एक सोबती बसला होता, भूमकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याच्या कागदात डोकावलो. त्यानं लिहिलं होतं, ‘पडल्यावर बघू.’

सरांनी पुढच्या तासाला माझं उत्तर वाचून दाखवलं. मनमिळाऊ, सेवाभावी, समाजाला उपयोगी पडणारा स्वभाव, असा शेरा त्यांनी त्यावर लिहिला होता. मग नाव न घेता ते दोन शब्दांचं उत्तर वाचलं. वर्ग हसला, मीही हसलो. भूमवाला ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

आम्ही तिघं स्टँडजवळ पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. मी तुळजापूरचा, कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. बोलण्यात पटाईत, स्टँडवरच्या हमालापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांशी घसट. भूमवाला म्हणजे दिवसातून मोजकी वाक्यं बोलणार आणि तीही कुरकुरीची. त्याची साबणाची वडी ट्रंकेत कुलपात असायची. तिसरा येरमाळ्याजवळच्या खेड्यातला. हसरा, हुशार, आणि त्याच्या गावातून कॉलेजात आलेला पहिलाच मुलगा. 

त्याच्या येण्याला एक अट होती. त्याचे चुलते तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत गेले होते आणि तिथंच तापानं वारले. निरोप घरी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. म्हणून त्याच्या वडिलांनी निघताना बजावलं होतं, “शिक. पर एक डाव जरी आजारी पडलास, तर त्याच पावली घरी यायचं. फुडं शिक्षान न्हाय, काय न्हाय.” त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तोच सांगायचा.

त्याचा डबा रोज घरून यायचा. आई सकाळी चालत फाट्यावर यायची आणि साडेआठच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हातात डबा द्यायची. दहाच्या सुमाराला आम्ही तो स्टँडवर उतरवून घ्यायचो आणि दुपारच्या गाडीनं रिकामा परत जायचा. तसा तेव्हा अर्ध्या कॉलेजचा डबा एस.टी.नंच यायचा. ड्रायव्हरला डब्यावरून मुलगा ओळखू यायचा.

परीक्षेला दोन महिने असताना येरमाळ्याच्या पोराला ताप भरला. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुदतीचा ताप आहे. गोळ्या वेळेवर द्या, नुसतं पातळ द्या. आतडं नाजूक झालंय, भाकरीचा तुकडा पोटात गेला तर जिवावर बेतेल.

खोलीवर आल्यावर त्यानं आमचे हात धरले. डोळे लाल, ओठ फुटलेले. “घरी कळवू नका. आप्पा मला न्यायला येतील अन् पुन्हा पाठवायचे न्हाईत. शपथ घ्या.” मी ताबडतोब घेतली. शपथ घ्यायला मला नेहमीच आवडायचं. भूमवाला म्हणाला, “मला न्हाय पटत,” पण आजाऱ्याशी वाद कुठं घालायचा, म्हणून पेजेचे तांदूळ निवडायला बसला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डबा आला. आता त्याचं करायचं काय? आजाऱ्याला द्यायचा म्हणजे त्याला मारायचं. तसाच परत पाठवला तर आई धावत येणार. भूमवाला म्हणाला, “आजाऱ्याच्या वाट्याचं अन्न म्या खात न्हाय.” राहिलो मी. मैत्रीखातर मी तो डबा खाल्ला.

आता खरं सांगतो. तो डबा फार चांगला असायचा. हातावर थापलेली ज्वारीची भाकरी, तव्यात ठेचलेली शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार, कधी वांगं, कधी लोण्याचा गोळा. मी खाणावळीतलं पाणीदार वरण ओरपून कंटाळलो होतो. शिवाय आमच्या घरी दुसऱ्या जातीच्या हातचं खायची पद्धत नव्हती. आईला कळतं तर तिनं मला आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. त्यामुळे चव आणखीच वाढली होती. तिसऱ्या दिवशी मी घड्याळात दहा वाजायची वाट बघू लागलो. आठवड्यानं माझी विजार कमरेत घट्ट झाली. आजारी तो पडला होता आणि तब्येत माझी सुधारत होती.

मी काहीच करत नव्हतो असं मात्र नाही. मी कॉलेजभर बातमी सांगत होतो, काळजीनं चेहरा करून. सरांनाही सांगितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोलीवर येऊन मी आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवायचो, उभारीची दोन वाक्यं बोलायचो, आणि खोलीतला वास सहन झाला नाही की कामाचं निमित्त काढून बाहेर पडायचो.

बाकीचं सगळं भूमवाला करायचा. पहाटे चुलीवर तांदळाची पेज शिजवून फडक्यातून गाळायचा. अंग पुसायचा, भांडं उचलायचा, धुणं आडावर नेऊन धुवायचा, आणि त्याला तो कुलपातला साबण लावायचा. तोंडाचा पट्टा मात्र चालू. “गीळ की. तोंड काय वाकडं करतूस? म्या काय तुझ्या बापाचा सालगडी हाय व्हय?” पेज पाजून झाली की भिंतीला टेकून इतिहासाचं पुस्तक मोठ्यांदा वाचायचा. आजाऱ्यानं मान वळवून ऐकायला सुरुवात केली की म्हणायचा, “तुझ्यासाठी न्हाय वाचत. पडून ऱ्हा गप.” पण एखादं प्रकरण चालू असताना आजाऱ्याला झोप लागली, तर पुढच्या खेपेला तो मागून सुरू करायचा. हे मी बघत होतो. बघून मला त्याचा रागच येत होता. इतक्या रुक्ष बोलण्यानं आजाऱ्याचं मन खचेल, असं मी त्याला समजावूनही सांगितलं.

डॉक्टरांना दाखवून दहा दिवस झाले तरी ताप उतरायचं नाव घेईना. भूमवाल्यानं मला खोलीबाहेर गाठलं.

“त्याच्या आयला कळवायचं.”

“मी शपथ घेतलीय,” मी म्हणालो.

“शपथ गेली खड्ड्यात. पोरगं हातचं गेलं तर?”

“त्याचं शिक्षण जाईल. वडील घेऊन जातील त्याला.”

तो म्हणाला, “ती बाई रोज फाट्यापतोर चालती. लेकरू जेवतंय म्हणून तिला झोप लागती. आन् हितं तू ढेकर देतूस. कळवलं तर डबा बंद हुईल, म्हणून तर न्हाय ना?”

मी भयंकर चिडलो. असलं घाणेरडं कुणी बोलू कसं शकतं, असं बरंच सुनावलं. पण त्या दिवशीची चटणी घशाखाली उतरेना. त्याचं बोलणं सगळंच खोटं असतं तर मला इतका राग आला नसता.

त्या माउलीसाठी आपण काहीतरी करावं, असं मला फार वाटलं. येरमाळ्याचा पोरगा डबा कधी धुवायचा नाही. भाकरीचा चुरा, तेलाचा ओघळ, सगळं तसंच घरी जायचं. मीही इतके दिवस संशय नको म्हणून तसाच पाठवत होतो. त्या दुपारी मी तो राखेनं घासला, लख्ख केला, पुसून कोरडा केला. आमच्या घरी शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची रीत नव्हती. आई त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. मीही घातली. झाकण लावून दुपारच्या गाडीत डबा दिला आणि मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या गाडीतून डबा घेऊन स्वतः आईच उतरली.

मी स्टँडवरच होतो, नेहमीप्रमाणे हात पुढं करून. काटक बाई, नऊवारीचा काष्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं डबा माझ्या हातात दिला नाही.

“माजं लेकरू कुटं हाय?”

“क्लासला गेलाय, मावशी,” मी म्हणालो.

“खोटं बोलू नगं. काल डब्यात साखर आली. ही शेजाऱ्यापाजाऱ्याची रीत, बाबा. लेकरू कदी आयला साखर घालून डबा धाडत न्हाय. तवाच म्या वळखलं, माजी भाकर परक्याच्या घरी जातीया.”

मी मान खाली घालून तिला खोलीवर नेलं. दारात ती थबकली. तिचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, निम्म्यानं वाळलेला, आणि भूमवाला एका हातानं त्याची मान धरून दुसऱ्या हातानं पेज पाजत ओरडत होता, “सांडलंस का आता? पुस तूच!” आणि स्वतःच पुसत होता.

आईला बघून पोरगा रडायलाच लागला. “आये, मला नेऊ नगंस. आप्पाला सांगू नगंस.” ती त्याच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. मुदतीचा ताप, डॉक्टर, शपथ. आणि डबा मी खाल्ला हेही.

“समदा?” तिनं विचारलं.

“सगळा.”

“चटणी तिखट लागत हुती का?”

“नाही मावशी. फार चांगली होती.”

तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं. पण लगेच ती गंभीर झाली. आता निर्णय तिच्या हातात होता. नेलं तर शिक्षण संपलं. ठेवलं, आणि दिरासारखंच झालं, तर ती नवऱ्याला काय तोंड दाखवणार होती? तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“म्या हितं ऱ्हायले तर घरी कळंल. मला दुपारच्या गाडीनं जायाच पायजे. ह्याच्याजवळ कोन बसनार हाय, तेवढं सांगा. म्या कुनाच्या भरवशावर जाऊ?”

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याइतका तयार माणूस जिल्ह्यात नव्हता. मी तोंड उघडलं. वाक्यं सगळी तयार होती. ती बाई माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. मी भूमवाल्याकडे बोट दाखवलं.

“याच्या, मावशी. सगळं यानंच केलंय. मी नुसता बोलतो.”

“मला कुटं येळ हाय?” भूमवाला गुरगुरला, आणि पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून त्यानं आजाऱ्याच्या कपाळावर ठेवलं.

ती त्याच्या हातांकडे बघत होती. साबण आणि सोड्यानं बोटांची सालं निघाली होती. ती उठली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, पदर सावरला आणि वळून न बघता बाहेर पडली.

मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. वाटभर ती झपाझप पुढं चालत होती. मला काही बोलावंसं वाटलं नाही, ही माझ्या बाबतीत नवलाची गोष्ट होती. गाडीत चढल्यावर तिनं खिडकीतून मला जवळ बोलावलं.

“डबा रोज यील. न्हाय आला तर मालक इचारतील. तू खात जा.” गाडी सुरू झाली तशी ती पुढं म्हणाली, “लेकरू जेवतंय म्हनून म्या त्यास्नी रोज सांगनार हाय. बाबांनो, मला खोटं पाडू नगा.”

गाडी गेली. मी स्टँडवर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. मग खोलीवर जाऊन धुण्याची बादली उचलली आणि आडावर गेलो. भूमवाल्यानं कुलूप उघडून साबण दिला, वर “वाया घालवू नगंस” हेही ऐकवलं.

त्यानंतर डबा रोज आला आणि रोज मी तो खाल्ला. तेवढी चांगली भाकरी इतक्या नाइलाजानं कुणी खाल्ली नसेल. मग एका सकाळी डॉक्टरांनी आजाऱ्याचं पोट तपासलं आणि म्हणाले, उद्यापासून थोडी भाकरी चालेल, दुधात कुस्करून. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी स्टँडवरून डबा आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं पहिला घास घेतला. “चाव नीट,” भूमवाला त्याच्यावर खेकसला आणि तोंड फिरवून पुस्तक शोधू लागला, जे त्याच्या हातातच होतं. मी त्या दिवशी उपाशी राहिलो. उपाशी राहण्यात इतका आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही.