होडीवरची तिसरी हाक

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की ताटावरून उठून जाणारा माणूस मी. सत्तावीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली. जे बिघडतं त्याला कारण असतं, एवढंच त्यातून शिकलो. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसलो असतो.

गोष्ट २०१२ ची. माझी बायको माधुरी जाऊन आठ महिने झाले होते. आम्हाला मूलबाळ नाही. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये तिच्या लोणच्याच्या बरण्यांकडे बघत बसणं मला जमेना, म्हणून पनवेलच्या खाडीतली एक जुनी मासेमारीची होडी विकत घेतली आणि तिच्यावरच राहायला गेलो. प्लायवूडची केबिन, गॅसची शेगडी, एक बाक. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, वेड लागलंय तुला." लागलं असेल. सोबत चिकू होता – माधुरीने रस्त्यावरून उचलून आणलेला, नऊ वर्षांचा, तपकिरी आणि भयंकर हट्टी कुत्रा.

मला पाणी मानवलं, चिकूला नाही. होडीवर पाय वर करायची साहेबांना लाज वाटायची. ओहोटीला होडी चिखलात बसायची, तेव्हा त्याला कडेवर घेऊन फळीवरून किनाऱ्याला न्यायचं. पंचावन्नाव्या वर्षी ही हौस! तेही चाललं असतं, पण दुसऱ्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. दूध-चपाती, उकडलेलं अंडं, ताजे बोंबील... सगळ्यापासून तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, "आजार काही दिसत नाही. पण असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही." माधुरीचं म्हणून माझ्याजवळ एवढंच उरलं होतं. मी खरंच घाबरलो.

होडी ज्यांच्याकडून घेतली त्या जनाताई किनाऱ्यावरच मासळी सुकवायच्या. व्यवहार झाला त्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, "भाऊ, आमच्या घरची रीत हाय. होरी सोरताना वर हाय त्याला नावानं हाक मारायची, त्यानं 'हाय' म्हनायचं. परत लागली की त्याच नावांनी हाका मारून एकेकाला उतरवायचं. जेवरी मानसं चरली तेवरी उतरली पायजेत." जेवढी माणसं चढली तेवढी उतरली पाहिजेत – धुक्यात कोणी मागे राहू नये म्हणून काढलेली पद्धत. मला तर फार शहाणपणाची वाटली.

इंजिन गंजू नये म्हणून रविवारी सकाळी भरतीला एक फेरी मारायचो. त्या रविवारी जनाताईही आल्या. मी दोर सोडायच्या आधी हाक दिली, "जनाताई!"

"हाय."

"चिकू!" तो बाकाखाली निपचित पडलेला. त्याच्या वतीने मीच "हाय" म्हटलं.

आणि मग तोंडातून निघून गेलं... "माधुरी!"

आठ वर्षं घराबाहेर पडताना ही दोन नावं मी एका दमात घेत आलो होतो. सवय, दुसरं काही नाही. कोणी उत्तर दिलं नाही. आवाज आला, वारा सुटला, असलं काहीही झालं नाही. फक्त चिकू उठला, शेपटी हलवत भांड्यापाशी गेला आणि सकाळची दूध-चपाती खाऊ लागला.

आनंदाने मी ओरडणारच होतो, तेवढ्यात त्याचा पाय दिसला. घरी माधुरी भांडं ठेवून शेजारी उभी राहायची आणि हा तिच्या पावलावर उजवा पंजा ठेवून खायचा. आता त्याचा उजवा पंजा फळ्यांपासून तीन-चार बोटं वर होता. उचललेला नाही, टेकलेला. होडी डुलत होती, पण पंजा जरासुद्धा थरथरत नव्हता. मी खाली हात फिरवला. काही नव्हतं. तिथे माझं पाऊल सरकवलं, तर चिकूने पंजा काढून घेतला.

जनाताईंनी सगळं पाहिलं. होडी किनाऱ्याला लागल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, चरवलीत तिला. आता हाक मारून उतरवा. मानसाला पान्यावर ठेवू नका."

मी जनाताईंना हाक मारली, त्या उतरल्या. चिकूला मारली, तोही उतरला. तिसरं नाव काही मी घेतलं नाही. इंजिन तपासायचंय म्हणून मी आत गेलो.

त्यानंतर चिकू रोज जेवला... रोज तसाच, पंजा टेकवून. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, सांधे दुखत असतील. मग किनाऱ्यावर खाताना चारही पाय जमिनीवर कसे असायचे? आणि पंजाची उंची रोज तेवढीच कशी? मी पट्टी घेऊन मोजलीय. कोणाकडे कारण असेल तर जरूर सांगा, मला अजून सापडलेलं नाही.

जनाताई अजूनही दर रविवारी किनाऱ्यावरून विचारतात, "उतरवलीत का?" मी सांगतो, "हाक मारतो हो, ती उतरत नाही." ते खोटं नाही. मी हाक मारतो. केबिनचं दार लावून, इंजिन चालू ठेवून, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.