टाळूचा वास

"हुंग नि सांग," असं म्हणत काकी हातातली वस्तू थेट माझ्या नाकाशी आणायच्या. कधी सोनचाफ्याचं फूल, कधी मूठभर सुकट, कधी नुसती ओली माती. 'छान आहे' म्हणून सुटका व्हायची नाही. "छान हा काय वास हाय? कशासारखा, ते सांग." मग मी शोधत शोधत सांगायची, पिकल्या केळ्यासारखा, पण मागून जरा लिंबू येतं. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याचं वेड सगळ्यांना ठाऊक असतं, कारण मात्र कुणी विचारत नाही. शिरगावात आमच्या नि काकींच्या घरांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्यांच्या वाडीत मोगरा आणि चाफा. पहाटे खुडलेल्या कळ्या मांडीवर घेऊन त्या गजरे ओवत बसायच्या. सगळ्या आळीला त्या वाडीचा घमघमाट यायचा, आणि त्यांना एकटीलाच यायचा नाही.

मी बोईसरला कान-नाक-घशाच्या दवाखान्यात परिचारिका. काकींचं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं, बोलणं गेंगाणं, झोपेत श्वास तोंडाने. मी कितीदा म्हटलं, एकदा दाखवून तरी घ्या. त्यांचं उत्तर ठरलेलं. नाकाच्या वर डोळे हायत, त्याच्या वर मेंदू, तिथं कोण सुरी लावून घेणार. नाय येत वास तर नाय येत, तुमी हायत ना सांगायला.

मग एका दुपारी त्यांची लेक कामावरून आली. ती तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला जायची. दार उघडलं तर घर गॅसने भरलेलं, आणि काकी आत शांतपणे गजरा ओवत बसलेल्या. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. लेकीने त्यांना हाताला धरून अंगणात ओढलं, खिडक्या उघडल्या आणि पायरीवर बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तुला खरंच काहीच वास आला नाही? काकी तिच्याकडे बघत होत्या. त्या संध्याकाळी त्या स्वतः कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "तुझ्या डाक्टरला सांग, मी येते."

आमच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या घोसासारखे पांढुरके मांसल कोंब लोंबत होते. ते म्हणाले, बाहेरून कुठंही कापणार नाही, सगळं नाकाच्या आतून काढू. श्वास मोकळा होईल. वासाचं मात्र वचन देत नाही, फार वर्षं गेलीत. आणि हे कोंब पुन्हा वाढू शकतात, तेही ऐकून ठेवा. काकींनी मान हलवली. भूल देताना त्यांनी माझं बोट धरलं होतं. ते मला हळूच सोडवून घ्यावं लागलं.

ऑपरेशननंतर नाकात भरलेला बोळा काढल्यावर पहिला मोकळा श्वास घेऊन त्या दचकल्या. म्हणाल्या, गार लागतं आत. वास मात्र आला नाही. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, फवारा मारायचा. त्यांनी ते सगळं मुकाट्याने केलं. चाफ्याच्या झाडाकडे मात्र त्या फिरकेनाशा झाल्या.

आठवडे गेले. एकदा तपासणी आटोपून, लेकीला कारखान्यातून घेऊन आम्ही तिघी रिक्षाने परतत होतो. औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यापाशी लेकीने आणि मी सवयीने पदर-ओढणी नाकाला लावली. काकींनी रिक्षा थांबवायला सांगितली. रिक्षावाला म्हणाला, "माँजी, यहाँ मत रुको, नाला है." तोवर त्या उतरल्याही होत्या.

"ह्योच काय तो वास?" त्यांनी विचारलं. "ज्याला समदी नाक मुरडतात?"

मी हो म्हटलं.

"वाईट हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा श्वास भरून घेतला. "केवढा वाईट हाय गं." आणि नाल्याच्या काठावर उभ्या राहून त्या हसत हसत रडू लागल्या.

मला वाटलं, घरी गेल्यावर त्या धावत चाफ्याकडे जातील. तसं झालं नाही. त्यांनी लेकीला ओट्यावर आपल्यापुढे बसवलं आणि तिची वेणी सोडली. ती म्हणाली, अगं आई, आंघोळ तरी करू दे, अंगाला गोळ्यांचा वास येतोय. "नको, आधी अशीच," काकी म्हणाल्या आणि तिच्या केसांत नाक खुपसून बसल्या. कितीतरी वेळ. वाडीत ऊन उतरत होतं.

मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "ही झाली तवाच माझा वास गेलेला. समद्या बायका हिची टाळू हुंगायच्या, म्हणून मी पन हुंगायची. मला कायच नाय यायचं."

लेकीने मागे हात करून त्यांचा हात घट्ट धरला.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आळीला जरा जडच गेली. कुणाचं दूध नासलं, कुणाची भाकरी करपली, कुणाचा नवरा काय पिऊन आला, सगळं काकींना रस्त्यावरूनच कळायचं आणि त्या ते सांगायच्याही. मग हळूहळू त्यांचा आवाज पुन्हा गेंगाणा होऊ लागला. कोंब वाढले होते. या खेपेला मला समजूत घालावी लागली नाही. पिशवी भरून त्या आपणच दवाखान्यात आल्या. वास परतला, पण पहिल्यासारखा नाही. काही दिवस यायचा, काही दिवस नाही. मी चुकचुकले तर म्हणाल्या, पाहुणा हाय, येईल तवा पाट मांडायचा.

गेल्या थंडीत काकी झोपेतच गेल्या. लेक आता सासरी, वाणगावला असते. वाडी दुसऱ्या कुणाला कसायला दिली आहे.

मला त्यांची त्या पाहुण्याच्या दिवसांतली एक दुपार आठवते. मी कामावरून परतले होते. त्या ओट्यावर बसल्या होत्या, कळ्या मांडीवर तशाच पडलेल्या, डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. वारा पडला, मग फिरला, खाडीकडून येऊ लागला. आणि डोळे न उघडताच त्यांचा चेहरा सावकाश, अगदी सावकाश, वाऱ्याकडे वळला.