सावकाश साडूंची वेगवान मोटार

आमच्या थोरल्या साडूंइतका सावकाश माणूस मुंबई-पुणे रस्त्यावर दुसरा झाला नाही, आणि तळेगावापासून खडकीपर्यंत सगळ्यात जोरात पळू शकणारी मोटार होती ती नेमकी त्यांच्याच दारात. या दोन गोष्टी एका अंगणात कशा नांदतात, हे कोडं मला त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो त्या दिवसापासून छळत होतं. चिंचवडला पवनेच्या काठी त्यांची वीटभट्टी होती. भट्टीशी घाई केली की वीट कच्ची निघते, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव ठाम मत, आणि ते त्यांनी चहापासून बोलण्यापर्यंत सगळ्याला लावून टाकलं होतं. चहा ते पार निवल्याशिवाय पीत नसत. भाताच्या वेळी सुरू केलेलं वाक्य सुपारी कातरताना संपवत, मध्ये कुणी तीन विषय बदलले तरी त्यांचं काही अडत नसे. एकदा आळीत साप निघाला. सगळी आळी काठ्या घेऊन धावली. साडूंनी सदरा चढवला, टोपी नीट बसवली, चपला शोधल्या, दाराला कडी लावली आणि मग ते बाहेर आले. तोवर साप आपला आपण निघून गेला होता. "बघा," ते घामाघूम गर्दीला म्हणाले, "धावून काय मिळवलंत?"

अशा माणसाने ती मोटार घेतली होती. खडकीच्या छावणीतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परत जाताना विकून गेला होता. दोनच माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची आणि हिरवीगार. तिच्या वेगाच्या काट्याखाली शंभराच्या पुढचेही आकडे होते, पण आमच्या साडूंच्या हाताखाली तो काटा विसावर येऊन जो टेकायचा तो तिथेच मुक्काम करायचा. गाडीत बसण्यापूर्वी टोपी उडू नये म्हणून ते रुमालाने ती हनुवटीखाली बांधत. ज्या वेगाने ते जात त्या वेगात टोपीवरची माशीसुद्धा उडाली नसती, पण बांधत. वळण दिसलं की पलीकडे माणूस असो वा नसो, हॉर्न वाजवून थोडं थांबत आणि मग वळत. चाकणच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. मोशीच्या चढाला कांद्याने भरलेली एक बैलगाडी आमच्या मागून आली आणि पुढे गेली. गाडीवान आकुर्डीचा म्हादबा, ओळखीचाच. जाताना वाकून म्हणाला, "मालक, दोर टाकू का? वढून नेतो." साडूंनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि मोशी मागे पडल्यावर, म्हादबा दिसेनासा झाल्यावर, "नको," असं उत्तर दिलं. खडकीचा मेस्त्री तर दर वेळी डोक्याला हात लावायचा. इतक्या हळू चालवून इंजिनाला आतून काजळी धरली होती. "साहब, एक दिन दौडाओ इसको. बेचारी का दम घुटता है," तो कळवळून सांगे. साडू म्हणत, "बघू."

त्या वर्षी मोटारीच्या विम्याची मुदत भर पितृपंधरवड्यात संपली. विम्याचा एजंट वेळेवर कागद घेऊन आला होता. साडूंनी त्याला पाट दिला, चहा दिला आणि सांगितलं, "पक्ष चालू आहे. या दिवसांत नवीन काही करत नाही आम्ही. घटस्थापनेला या." एजंट बिचारा म्हणाला, "अहो, नवीन कुठे? जुनाच विमा पुढे चालवायचाय." साडू म्हणाले, "मुदत संपली म्हणजे जुना गेला. आता घेणार तो नवा. वर गेलेल्या माणसांच्या पंधरवड्यात अपघाताचा विमा काढायचा, शोभतं का?" एजंटाने कागद पिशवीत घातले आणि तो निघाला. घटस्थापनेला तो आला नाही, कंपनीचं पत्र आलं. विम्यात खंड पडला होता. आता सगळं पहिल्यापासून, आणि गाडी शर्यतीच्या जातीची असल्याने आधी साहेब येऊन बघणार. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

साहेब पुण्याहून आले. तरुण, चष्मेवाले, कामाला चोख. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी विचारलं, "ताशी किती मैल पळते?"

"पळत नाही," साडू म्हणाले. "चालते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग आळीतल्या चार जणांनीही साक्ष दिली की हा माणूस आणि वेग यांची आयुष्यात गाठभेट नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, कंपनी अशा गाडीला सहसा हात लावत नाही, पण तुमच्यासाठी वाट काढतो. तीस मैलांच्या वर कधीही गाडी चालवणार नाही, एवढं लिहून द्या, आठवड्यात विमा हातात. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. साडूंना विसाची अट घातली असती तरी ती त्यांना उधळपट्टी वाटली असती. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून साहेबांना परत दिला. "हे मी लिहून देणार नाही," ते म्हणाले.

मला ही गोष्ट काही केल्या पचेना. गाडी छपरीत उभी, तिच्यावर भट्टीची राख बसतेय, कोंबड्या तिच्या नाकावर चढून बसतात, आणि मालक सही करत नाहीत. दिवाळी झाली. साहेब दोनदा येऊन गेले. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, बायकोकरवी अक्कांना विचारून पाहिलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. त्या फक्त म्हणाल्या, "त्यांच्या मनात काय असतं ते बाहेर यायला वेळ लागतो." अखेर एका संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरताना साडू आपणहून बोलू लागले. लग्न झालं त्या वर्षी ते दोघं पुण्याहून टांग्याने येत होते. बोपोडीशी एक उघडी मोटार शेजारून सुसाट गेली. आत एक मड्डम, केस मोकळे सोडलेली. अक्का धूळ खाली बसेपर्यंत त्या दिशेला बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय वाटत असेल हो तिला?"

"मला सांगता येईना," साडू म्हणाले. त्यांनी पुढची सुपारी कातरायला घेतली. "म्हणून गाडी घेतली. हिला बसवलं. पण पाय दाबवत नाही, साडूभाऊ. वीस झाले की पाय आपोआप उचलला जातो. ती म्हणते, छान वाटतंय. माझ्यासाठी म्हणते, मला कळतं. एकदा तरी दाबणार आहे मी. लिहून दिलं तर कधीच नाही."

त्यांची इतके दिवस थट्टा केल्याची मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्यावर माया आली.

पुढच्या खेपेला, साडूंना गाडी एकदा पळवायची आहे एवढं मी सांगताच, साहेब वैतागलेच. म्हणाले, "अहो, सार्वजनिक रस्ता सोडून एखाद्याच्या खाजगी आवारात हवी तेवढी पळवा, तिथे विमा कोण विचारतो? पण आम्हाला सही द्या!" हे वाक्य साडूंनी आठवडाभर चघळलं. पिंपरीला तेव्हा एक नवा कारखाना बांधायचं काम चाललं होतं, विटा साडूंच्याच भट्टीच्या. आवारात सरळसोट नवाकोरा डांबरी रस्ता, वर्दळ काही नाही. कंत्राटदाराने रविवारची परवानगी दिली. प्रश्न तिथवर जाण्याचा. साडूंनी साहेबांना विचारलं, "बैलांनी ओढली, तर ती मोटार की बैलगाडी?" साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तो प्रश्न ऐकलाच नाही असं केलं.

त्या रविवारी म्हादबाने खरोखरच दोर टाकला. पुढे बैल, मागे हिरवी मोटार, आत टोपी बांधलेले साडू आणि शेजारी अक्का, "लोक हसताहेत हो," म्हणत पदराने तोंड लपवून बसलेल्या. मी आणि सहीचा कागद घेऊन आलेले साहेब मागून पायी. बैल ओढत असतानाही साडू प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत होते. कारखान्याच्या फाटकात बैल सोडले. साडूंनी इंजिन सुरू केलं, डोळे मिटून हात जोडले, आणि गाडी निघाली. आधी नेहमीसारखीच. मग मागून काळ्या धुराचा एक लोट सुटला, सगळी साठलेली काजळी बाहेर पडली, आणि ती मोटार अशी काही ओरडली की विटांच्या ढिगावरचे कावळे उठले. बघता बघता ती लहान झाली. अक्कांचा पदर तेवढा हिरव्या गाडीमागे लांबवर फडफडताना दिसत होता. "आरं तिच्या मारी," म्हादबा म्हणाला, "मालकास्नी झालं तरी काय?" साहेबही टाचा उंच करून बघत होते.

परत येताना काटा विसावर आला होता. साडू उतरले, काही न बोलता साहेबांकडून कागद घेतला आणि बॉनेटवर ठेवून सही केली. "आता घाला काय अट घालायची ती," म्हणाले. मी अक्कांना हळूच विचारलं, "कसं वाटलं, अक्का?" त्या केस सारखे करत हसल्या. "रस्ता पाहिलाच नाही हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांचं तोंडाने सारखं रामनाम चाललं होतं! पण पाय काही काढला नाही. मी आपली यांच्याचकडे बघत होते."

त्यानंतर साडूंनी अट अक्षरशः पाळली आणि मुदत दिवाळीनंतरची असूनही दर वर्षी पितृपक्ष लागण्याआधीच विमा पुढे चालवला. अक्का गेल्या त्या सालापर्यंत गाडी चालू होती, मग तिच्यावर ताडपत्री पडली. परवा मी चिंचवडला गेलो होतो. ओट्यावर दोघंच बसलो होतो आणि चहा निवत होता. साडू म्हणाले, "त्या दिवशी कारखान्यात तुम्ही हिला काहीतरी विचारलंत. मी साहेबांशी बोलत होतो, ऐकू आलं नाही. तिला विचारायचं विचारायचं म्हणत राहिलो." त्यांनी कपाला हात लावून चहा निवला का ते पाहिलं. "काय वाटलं होतं हो तिला?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. टोपी काढून मांडीवर ठेवली, भिंतीला टेकून नीट बसले आणि म्हणाले, "घाई नाही. सावकाश सांगा."