‘काहून?’ विचारणारे गजभिये सर

गजभिये सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पहिला लेख माझा असावा, असा समितीचा आग्रह. सरांचा सर्वांत जुना सहकारी मी. त्यांच्यावर सर्वांत जास्त जळलेला माणूसही मीच, हे समितीला ठाऊक नसावं.

सर आमच्या शाळेत आले तेव्हा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा जादा तास माझा एकट्याचा होता. मुख्याध्यापकांनी त्याच्या दोन तुकड्या केल्या, एक सरांना दिली आणि महिन्याभरात माझे बाक ओस पडू लागले. कामठीहून बसने येणारे सर माझ्याआधी शाळेत हजर असत, याचाही मला राग येई.

सरांची शिकवण्याची तऱ्हा एका शब्दाची. मुलाने फळ्यावर पायरी मांडली की मागून विचारायचे, “काहून?” उत्तर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. “गणिताच्या तासाला निदान ‘का’ तरी म्हणा,” असं मी त्यांना सर्वांदेखत टोचलं होतं.

“‘का’ म्हटलं तं पोट्टे घाबरतात, सर,” ते हसून म्हणाले.

एकदा मी वर्गात असमीकरण सोडवत होतो. तीन भागिले, कंसात क्ष वजा दोन, हे एकापेक्षा लहान. मी बेधडक तिरकस गुणाकार करून उत्तर लिहिलं: क्ष पाचापेक्षा मोठा. पहिल्या बाकावर माझी मुलगी सुनीता होती. तिची परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

“बाबा, काहून गुणलं? क्ष वजा दोन ऋण असलं तर चिन्ह उलटतं नं? शून्य टाकून पाहा, तोही चालतो.”

दोनपेक्षा लहान सगळ्या संख्या मी गिळल्या होत्या. त्याहून झोंबला तो तिच्या तोंडचा शब्द. पोरगी गुपचूप त्यांच्या तासाला बसत होती!

“मुद्दाम चुकवलं,” मी म्हणालो. “कोण पकडतं ते पाहत होतो.” कुणाचाच विश्वास बसला नाही. तेवढ्यात खडू न्यायला आलेले गजभिये सर दारातून म्हणाले, “बरोबर हाय. सरांनी मले कालच सांगतलं होतं, सापळा लावून राहिलो म्हणून. पकडला वं सुनीता तू!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्याही माझ्यासाठी. त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर मी त्यांचा सुखाने द्वेष केला असता. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

सुनीता पास झाली. पेढे आधी कामठीला गेले. डबा मीच धरला होता. मी निवृत्त झालो तेव्हा एका वक्त्याने त्या सापळ्याचं तोंडभरून कौतुक केलं. सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत थट्टेतही काढली नाही.

म्हणून इथे छापूनच टाकतो. सापळा वगैरे काही नव्हता. माझं गणित चुकलं होतं आणि मी खोटं बोललो होतो.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मनाच्या मोठेपणात मी त्यांना कधीच गाठू शकलो नाही. हे खरं सांगण्यात तरी मी त्यांच्याआधी पोचलो, एवढं समाधान त्यांनी मला लाभू द्यावं.